संगणकातली प्रयोगवही आणि तिची अनुक्रमणिका

जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने गुरू ग्रहाजवळच्या ठिपक्यांची रात्रीमागून रात्र नोंद ठेवली. तारीख, छोटीशी आकृती आणि शेजारी दोन ओळी. ठिपके जागा बदलतात, पण गुरूची पाठ सोडत नाहीत, हे या नोंदी क्रमाने वाचल्या म्हणूनच उमगले. 'ज्युपिटर' या मुक्त आज्ञावलीच्या नावात त्या वहीची आठवण आहे; शिवाय ज्युलिया, पायथन आणि आर या तीन संगणकभाषांची अक्षरेही त्यात गुंफली आहेत.

ज्युपिटर ही संगणकातली प्रयोगवही. एका चौकटीत स्पष्टीकरण, दुसरीत आज्ञा, तिच्याखाली लगेच उत्तर किंवा आलेख. कल्पना नवी नाही. 'मॅथेमॅटिका'त १९८८ पासून अशी वही होती. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या 'आय-पायथन'मधून २०११ च्या अखेरीस ब्राउझरमध्ये उघडणारी वही आली, आणि २०१४ मध्ये तिचे नाव ज्युपिटर झाले. गुरुत्वीय लहरींचा पहिला वेध २०१६ मध्ये जाहीर झाला, तेव्हा लायगोच्या शास्त्रज्ञांनी मोजमापांबरोबर अशा वह्याही सर्वांसाठी खुल्या केल्या. आपल्या हिंगोली जिल्ह्यात लायगोची भारतीय वेधशाळा व्हायची आहे. तिथल्या कामाची ओळख विद्यार्थ्यांना करून द्यायची तर या वह्या हाताशी आहेत.

मग अडचण कोठे आहे? समजा, विद्यार्थ्याने दोलकाचा प्रयोग केला. लांबी आणि आवर्तकालाची मोजमापे एका फाइलीत आहेत, आकडेमोड वहीत आहे, आलेख काढणारे साहाय्यक संच संगणकावर बसवलेले आहेत. या तिन्ही गोष्टी मिळून एक प्रयोग होतो. पण वहीच्या डाव्या बाजूला दिसते ती नुसती फाइलींची यादी. कोणती फाइल कोणत्या प्रयोगाची, हे ती सांगत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी 'प्रोजेक्ट ब्राउझर' नावाने ओळखता येतील अशी एक्स्टेन्शने, म्हणजे मूळ आज्ञावलीला वरून जोडायचे तुकडे, तयार होतात. ती प्रकल्पांची वेगळी यादी दाखवतात, हवा तो प्रकल्प एका टिचकीत उघडून देतात. जर्नलच्या पहिल्या पानावरची अनुक्रमणिकाच म्हणा ना.

बसवण्याच्या बाबतीत प्रगती खरी आहे. २०२१ च्या सुमारास आलेल्या ज्युपिटरलॅबच्या तिसऱ्या आवृत्तीपूर्वी साधे एक्स्टेन्शन जोडायलासुद्धा 'नोड' ही वेगळी प्रणाली लागे आणि सगळी ज्युपिटरलॅब पुन्हा घडवावी लागे. प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर हे काम जिवावर येई. आता तयार बांधलेले एक्स्टेन्शन 'पिप'च्या एका आज्ञेने बसते. मात्र असे एक्स्टेन्शन बहुधा दोन अर्धुकांचे असते. पडद्यावर दिसणारा भाग टाइपस्क्रिप्टमध्ये, आणि डिस्कवरच्या फाइली शोधणारा, सर्व्हरवर चालणारा भाग पायथनमध्ये. पहिले अर्धुक बसले आणि दुसरे निजलेले राहिले, तर चिन्ह दिसते पण यादी रिकामी. यासाठी दोन्ही अर्धुकांची नोंद तपासणाऱ्या दोन वेगवेगळ्या आज्ञा आहेत. माहितीपत्रकात त्या तळाशी, 'अडचण आल्यास' या मथळ्याखाली सापडतात. शिक्षकाला त्या पहिल्या पाच ओळींत हव्यात.

या एक्स्टेन्शनांच्या माहितीपत्रकात 'विकासकासाठी' म्हणून दुसरा भाग असतो. मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. आज्ञावलीचा मूळ मजकूर उतरवून घ्यायचा, तो 'संपादनक्षम' पद्धतीने बसवायचा, पडद्याचा भाग ज्युपिटरलॅबशी जोडायचा आणि बदल टिपत राहणारी आज्ञा चालू ठेवायची. मग एखादे नाव मराठीत बदलावे, पान ताजे करावे, की बदल समोर दिसतो. पायथनच्या भागात बदल केला तर सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. यंत्र उघडून पाहण्याची अशी मोकळीक विकतच्या आज्ञावलींत क्वचितच मिळते. पण हे लिहिणारे वाचकाला दोन भाषा आणि आवृत्ती-व्यवस्थापन येतेच असे गृहीत धरतात. पहिला लहानसा बदल कोणता करून पाहावा, हेही ते सांगत नाहीत. दार उघडे आहे, पायरी मात्र उंच आहे.

आता मुख्य आक्षेप. अनुक्रमणिका सुबक असली म्हणून जर्नल खरे ठरत नाही, हे शिक्षकांना सांगायला नको. शेजाऱ्याचे उतरवून काढलेले जर्नलही तितकेच नीटनेटके असते! ज्युपिटरच्या वहीत आज्ञांबरोबर जुनी उत्तरेही साठवली जातात आणि चौकटी कोणत्याही क्रमाने चालवता येतात. त्यामुळे वरची आज्ञा बदलली तरी खालचे जुने उत्तर तसेच राहू शकते. ब्राझील व न्यूयॉर्कमधील संशोधकांनी २०१९ मध्ये गिटहबवरच्या सुमारे १४ लाख वह्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ज्या पुन्हा चालवून पाहता आल्या, त्यांपैकी सुमारे २४ टक्केच विनाचूक चालल्या, आणि तीच उत्तरे आली ती जेमतेम ४ टक्के वह्यांत. न सापडणारे साहाय्यक संच आणि जागेवर नसलेल्या फाइली ही वारंवार दिसलेल्या चुकांपैकी होती.

म्हणजे दुखणे आहे ते वहीचा तिच्या साहित्याशी असलेला संबंध तुटण्याचे. प्रकल्पांची यादी दाखवल्याने तो संबंध जुळतोच असे नाही. म्हणून प्रत्येक प्रोजेक्ट ब्राउझरला एक प्रश्न विचारावा: 'प्रकल्प' म्हणजे काय, याची नोंद तू कोठे ठेवतोस? ती फोल्डरमध्येच साध्या मजकुराच्या फाइलीत असेल, साहाय्यक संच आणि त्यांच्या आवृत्त्या तिथेच लिहिलेल्या असतील, तर ते एक्स्टेन्शन कामाचे. नोंद त्या एका संगणकाच्या सेटिंगमध्ये असेल, तर पेनड्राइव्हवर फोल्डर घरी नेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती सुटी पानेच लागतील. शिवाय ज्युपिटरलॅबची चौथी आवृत्ती २०२३ मध्ये आली, तेव्हा तिसरीसाठी लिहिलेली बरीच एक्स्टेन्शने सुधारून घ्यावी लागली. आधाराला घेतलेली काठी अधूनमधून बदलावी लागणार, हे धरूनच चालावे. आणखी एक: एक्स्टेन्शन आपल्याच अधिकाराने आपल्या फाइली वाचते-लिहिते. तेव्हा सार्वजनिक संगणकावर ते बसवण्यापूर्वी कोणी लिहिले, शेवटचा बदल केव्हा झाला, हे पाहून घ्यावे.

माझे मत असे, की वर्गात आधी शिस्त आणि मग एक्स्टेन्शन. प्रत्येक प्रयोगाला एक फोल्डर. त्यात वही, मोजमापे, साहाय्यक संचांची यादी आणि चार ओळींचे टिपण. वही सादर करण्यापूर्वी 'कर्नल पुन्हा सुरू करून सर्व चौकटी चालवा' हा पर्याय प्रत्येकाने वापरावा. मग तो फोल्डर एक्स्टेन्शन नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. तिथेही दोलकाचा तोच आलेख आला, तर प्रोजेक्ट ब्राउझर खुशाल बसवा. दहा-वीस प्रकल्प झाले की त्याची सोय नक्कीच जाणवेल. आलेख आला नाही, तर त्या दिवशीचा तास तो का आला नाही, हे शोधण्यात घालवावा. विद्यार्थ्यांना प्रयोगाच्या नोंदीचे महत्त्व पटवायला याहून चांगला तास मिळणार नाही.