सुरांभोवतीचा अवकाश

रॉक संगीत म्हटले की गोंगाट, आवेग आणि तारुण्याचा उद्दामपणा ही लक्षणे मनात येतात, आणि त्या संगीताच्या बऱ्याचशा भागाला ती लागूही पडतात. परंतु गेल्या पन्नासएक वर्षांत त्याच्याच पोटी अशी एक धारा वाढली आहे, की जी श्रोत्याला एखाद्या स्थळी नेऊन बसविते आणि त्या स्थळाचा उजेड, गारवा व विस्तार यांनाच आपला विषय मानते. तिला तूर्त वातावरणप्रधान रॉक म्हणू. या धारेतील ज्या अल्बमांनी मला वर्षानुवर्षे सोबत केली, ते पुनःपुन्हा ऐकताना माझी एक धारणा दृढ होत गेली: वातावरण जन्माला येते ते काय वाजवू नये याच्या निर्णयातून, प्रतिध्वनीची यंत्रे फार तर त्या निर्णयाची चाकरी करतात.

माझा प्रवेश झाला तो पिंक फ्लॉइडच्या दारातून. 1975 सालच्या ‘विश यू वेअर हिअर’ची सुरुवात होते ती काचेच्या पेल्यांच्या कडांवरून बोट फिरवून काढलेल्या नादाने, त्यावर रिचर्ड राइटचे सिंथेसायझर सावकाश पसरते, मग डेव्हिड गिल्मरच्या गिटारीवर ते प्रख्यात चार स्वर उमटतात, आणि पहिला शब्द कानी पडेपर्यंत आठ मिनिटांहून अधिक काळ लोटलेला असतो. ज्या सिड बॅरेटच्या, म्हणजे 1968 साली संघातून दुरावलेल्या संस्थापकाच्या, अनुपस्थितीचे हे गीत, तो खुद्द ध्वनिमुद्रणाच्या दिवसांत ॲबी रोड स्टुडिओत येऊन उभा राहिला असता त्याच्या जुन्या सोबत्यांना त्याची ओळख पटण्यास वेळ लागला, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. पण तो ठाऊक नसतानाही पोरकेपणाची जाणीव त्या चार स्वरांतूनच पोहोचते, आणि या कलेचा कस इथेच लागतो. या अल्बमाच्या मध्यभागी संगीताच्या बाजारपेठेविरुद्ध जी फिर्याद मांडली आहे ती रास्त असली तरी तिथे सूर खाली उतरतो, असे मला नेहमी वाटत आले आहे. तक्रार सुरू झाली की अवकाश आक्रसतो.

परंतु या कलेचे शिखर माझ्या लेखी टॉक टॉक या इंग्रज संघाच्या दोन अल्बमांत आहे: 1988 चा ‘स्पिरिट ऑफ ईडन’ आणि 1991 चा ‘लाफिंग स्टॉक’. लोकप्रिय गीतांवर नाव कमावलेल्या या संघाने, यशाचे माप पदरात पडलेले असताना, लंडनच्या वेसेक्स स्टुडिओतील खिडक्या झाकून, जवळजवळ काळोखात, महिनोन् महिने ध्वनिमुद्रण केले. संघाचा गायक मार्क हॉलिस व त्याचा सहकारी टिम फ्रीझ-ग्रीन वादकांना पाचारण करीत, त्यांच्याकडून उत्स्फूर्तपणे पुष्कळ काही वाजवून घेत, आणि नंतर त्यातील बहुतांश बाद करून क्वचित एखादा तुकडा, कधी एखादा चुकार सूरच, जतन करीत. व्हायोलिनवादक नायजेल केनेडी, डबल बास वाजविणारा डॅनी थॉम्प्सन यांसारखे मातब्बर कलावंत ‘स्पिरिट ऑफ ईडन’मध्ये आहेत. पण त्यांच्या नावलौकिकासाठी कुणी जागा मोकळी करून दिलेली नाही. त्या अल्बमाच्या पहिल्या बाजूची तीन गीते एकमेकांत मिसळून जातात, आणि दीर्घ निःशब्दतेनंतर मार्क फेल्टमचा हार्मोनिका जेव्हा विव्हळून उठतो, तेव्हा मागील सर्व संयमाचा अर्थ एका क्षणात उलगडतो. दोन सूर वाजविण्यापूर्वी एक सूर नीट वाजवायला शिकावे, असे हॉलिस सांगत असे. पहाटे तंबोऱ्यावर खर्ज भरणाऱ्या आपल्याकडच्या गायकाला ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागली नसती.

‘लाफिंग स्टॉक’ मला प्रथम मिळाला तो एका मित्राने नकलून दिलेल्या कॅसेटवर. आरंभी काही सेकंद नुसती खरखर ऐकू येई, आणि ती नकलेचीच खोट आहे असे मी कित्येक वर्षे समजत होतो. पुढे सीडी हाती आली आणि ध्यानात आले, की ती ॲम्प्लिफायरची सूक्ष्म घरघर मूळ मुद्रणातच, बुद्ध्या राखलेली आहे. ज्या खोलीत संगीत घडणार, त्या खोलीचा श्वास प्रथम ऐकवावा, ही ती योजना होती. त्या दिवसापासून माझ्या ऐकण्याची रीतच पालटली.

आइसलँडच्या सिगुर रोस या संघाने हाच मार्ग आपल्या पद्धतीने चोखाळला. त्यांचा गायक योन्सी गिटारीवर चेलोचा गज फिरवितो, त्यामुळे सूर तुटत नाही, धुक्यासारखा सरकत राहतो. त्यांच्या 2002 सालच्या अल्बमाला नावाच्या जागी केवळ दोन कंस आहेत. आठही गीते अनामिक, पुस्तिकेची पाने कोरी, भाषा कुठल्याही कोशात न सापडणारी, आणि दोन भागांच्या मध्ये 36 सेकंदांची शांतता. रेकयाविकनजीकच्या एका जुन्या जलतरण तलावाच्या इमारतीत उभारलेल्या स्टुडिओत त्याचे मुद्रण झाले. अर्थाचा आधार काढून घेतल्यावरही गाणे उभे राहते की नाही, याची ही कठोर परीक्षा होय, आणि शेवटच्या गीतातील झंझावातापर्यंत पोहोचलेला श्रोता त्या परीक्षेचा निकाल स्वतःच देतो.

आजची स्थिती मात्र मला चिंतेची वाटते. हळुवार आरंभ, क्रमशः चढत जाणारा आवाज आणि अखेरचा स्फोट, हा आराखडा 2000 च्या आसपास गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्पररसारख्या संघांच्या हाती जिवंत होता. त्यानंतर तो इतका रूढ झाला, की पुढील वळण श्रोत्याला आधीच ठाऊक असते. पूर्वी ज्या गुंजनासाठी मोठे दालन शोधावे लागे, ते आता पायाखालच्या छोट्या पेडलवर मिळते, आणि गिटारवादक केविन शील्ड्सने 1991 च्या ‘लव्हलेस’ या अल्बमासाठी अनेक स्टुडिओ पालथे घालून जो पोत मिळविला, त्याची बाह्य नक्कल घरबसल्या करता येते. साधनांच्या सुलभतेला माझा आक्षेप नाही. पण बाद करण्याचा हॉलिसचा जो अट्टाहास, त्याची तजवीज कोणत्याही यंत्रात नसते, आणि नव्या अल्बमांत मला बहुधा तोच आढळत नाही. सर्वत्र धुके दाटलेले असते, पण धुक्यापलीकडे डोंगर असल्याची खूण पटत नाही.

हॉलिसने 1998 साली स्वतःच्या नावाचा एकच अल्बम काढला आणि संगीतातून निवृत्ती पत्करली. 2019 मध्ये तो निवर्तला. त्या अल्बमातील अखेरचे गीत संपल्यावर तबकडी लगेच थांबत नाही, बराच वेळ नुसती शांतता वाहत राहते. मी ती मध्येच कधी बंद करीत नाही. खिडकीतून खालच्या रस्त्यावरची एखादी सायकल, शेजारच्या घरात बादलीत पडणारे नळाचे पाणी, असे काहीबाही ऐकू येऊ लागते, आणि यंत्र आपणहून थांबेपर्यंत मी तसाच बसून राहतो.