नांव एकाचें, सत्ता दुसऱ्याची

राष्ट्राराष्ट्रांतील संबंधांचा शास्त्रीय विचार करणाऱ्या ग्रंथांत हान्स मॉर्गेन्थाऊ यांच्या १९४८ सालच्या ‘पॉलिटिक्स अमंग नेशन्स’ ह्या ग्रंथाचें स्थान मोठें आहे. राजकारण म्हणजे सत्तेसाठीं चाललेली धडपड, आणि सत्ता म्हणजे दुसऱ्याच्या मनावर व कृतीवर चालणारा ताबा, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त. सत्ता आणि शस्त्रबळ ह्यांत ते भेद करतात. शस्त्र प्रत्यक्ष चालवावें लागलें कीं मनावरचा ताबा सुटला व त्याची जागा लष्करी बळानें घेतली, असें त्यांचें म्हणणें. हा सिद्धान्त कितपत टिकतो, हें आम्ही बुलढाणा जिल्ह्यांतील नांदुऱ्यास उभे राहून पाहूं इच्छितों.

नांदुरा वऱ्हाडांतला, आणि वऱ्हाड निजामाच्या मुलखांतलें. १८५३ च्या तहानें निजामानें हा प्रांत कंपनी सरकारच्या हवालीं केला. निमित्त झालें तें हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चाचें. फौज नांवाला निजामाची. हुकूम इंग्रज अंमलदारांचा. खर्च मात्र निजामाच्या माथीं. जिचा धाक, तिचेंच देणें! एकही गोळी न झाडतां प्रांत हातचा गेला. येथवर मॉर्गेन्थाऊंचा भेद अगदीं चपखल बसतो.

पुढील हकीकत अधिक बोधप्रद आहे. वऱ्हाडावरील निजामाचें स्वामित्व कागदोपत्रीं कायम राहिलें. प्रांत परत मिळावा म्हणून दिवाण सालारजंग यांनीं पुष्कळ खटपट केली. ती व्यर्थ गेली. १९०२ सालीं लॉर्ड कर्झन यांनीं वर्षाकांठीं २५ लाख रुपयांच्या कायम पट्ट्यानें प्रांत घेतला, आणि १९०३ सालीं तो मध्यप्रांताला जोडला. १९२३ सालीं निजामानें पुन्हां मागणी केली. त्यावर १९२६ सालीं लॉर्ड रेडिंग यांनीं, बरोबरीच्या नात्यानें वाद घालण्याचा अधिकार कोणाहि संस्थानिकास नाहीं, असें बजावलें. आणि दहाच वर्षांनीं, १९३६ सालीं, त्याच सरकारनें निजामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी दिली! कारण उघड आहे: १९३५ च्या कायद्यानें योजिलेल्या संघराज्यांत संस्थानिकांची संमति हवी होती. नुसत्या नांवालाहि बाजारभाव असतो तो असा.

मग उणें काय राहिलें? उणा राहिला तो नांदुऱ्याचा शेतकरी. मॉर्गेन्थाऊंच्या हिशेबांत सत्ता गाजविणारा एक व ती मानणारा एक, असे दोघेच. येथें तो दुसरा म्हणजे निजाम. ज्याची जमीन ह्या हातांतून त्या हातांत गेली त्यास १८५३ सालीं कोणी विचारलें नाहीं, १९०२ सालींहि नाहीं. त्याच्यावर सत्ता चालली ती निराळ्याच वाटेनें. १८६७ पर्यंत लोहमार्ग नागपुरास पोंचला. नांदुरा त्यावरील एक स्टेशन झालें. कापूस मुंबईस व तेथून विलायतेस जाऊं लागला. अमेरिकेंत यादवी पेटली तेव्हां वऱ्हाडी कापसाचा भाव चढला, आणि १८६५ सालीं ती संपतांच कोसळला. कोणीं हुकूम सोडला नव्हता, तरी शेतकऱ्याची बरकत व त्याची ददात दोन्ही सातासमुद्रांपलीकडे ठरत होतीं. व्यवहाराची चौकटच जो आंखून देतो त्याच्या ह्या सत्तेचा विचार सुसान स्ट्रेंज यांनीं १९८८ सालच्या ‘स्टेट्स अँड मार्केट्स’ ह्या ग्रंथांत केला आहे. आमच्या मतें मॉर्गेन्थाऊंचें उणें त्यानें बरेंच भरून निघतें; पण संमतीचा प्रश्न तेथेंहि मागेंच राहतो.

हा वाद केवळ जुन्या दप्तरांचा नव्हे. २०१७ सालीं श्रीलंकेनें हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या पट्ट्यानें एका चिनी कंपनीस दिलें. दोन्ही प्रकरणें एकसारखीं आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु स्वामित्व एकाचें आणि वहिवाट दुसऱ्याची, हा शब्दप्रयोग कानीं पडतांच वऱ्हाडच्या वाचकानें दचकावें हें रास्तच होय. सत्ता कोणाची, हा प्रश्न शास्त्रकारांनीं नीट सोडविला आहे. ती कोणावर चालते, व त्याला विचारलें कोणीं, हा प्रश्न त्यांच्या ग्रंथांतून आतां पहिल्या पानावर यावयास हवा.