‘फीटल डिस्ट्रेस’ : एका संज्ञेची चिकित्सा

‘बाळ पोटात गुदमरते आहे’ हे वाक्य प्रसूतिगृहाच्या दाराशी उच्चारले गेले, की सहीसाठी पुढे केलेल्या कागदावर काय लिहिले आहे हे नातेवाईक सहसा वाचत नाहीत. ‘फीटल डिस्ट्रेस’ या इंग्रजी संज्ञेचा हा रूढ अनुवाद होय; आणि दोष केवळ अनुवादाचा नाही. यंत्र नोंदविते ती ठोक्यांच्या गतीची रेषा. संज्ञा सांगते ती गर्भाची अवस्था. लक्षण आणि निदान यांमधील अंतर येथे शब्दानेच गिळून टाकले आहे.

आरंभीची परिभाषा इतकी धीट नव्हती. मॉन्टेव्हिडिओच्या काल्देइरो-बार्सिया यांनी ठोक्यांच्या उतरणीला ‘पहिला प्रकार’, ‘दुसरा प्रकार’ अशी कोरी नावे दिली. अमेरिकेत एडवर्ड हॉन यांनी कळेशी असलेला कालसंबंध पाहून तिला लवकरची, उशिराची व बदलती म्हटले. हेही वर्णनच. तथापि लवकरची म्हणजे डोक्यावरील दाब, उशिराची म्हणजे वारेची अपुरी कामगिरी, बदलती म्हणजे नाळेवरील दाब, अशी समीकरणे लगेच जडली, आणि वर्णनाच्या नावाखाली कारणच शिकविले जाऊ लागले.

पुरावा या आत्मविश्वासाला पेलणारा नाही. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डब्लिनच्या चाचणीत १२,९६४ स्त्रिया होत्या. अखंड यंत्रनोंद झालेल्या गटात १२ नवजातांना झटके आले, ठराविक वेळाने ठोके ऐकलेल्या गटात २७ जणांना. मृत्यू मात्र दोन्हींकडे १४. झटके निम्म्यावर येणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, हे टीकाकारांनीही मान्य केले पाहिजे. परंतु चौथ्या वर्षीच्या तपासणीत सेरेब्रल पाल्सीच्या प्रमाणात लाभ दिसला नाही. २०१७ च्या कॉक्रेन समीक्षेचा निष्कर्षही हाच : १३ चाचण्या, ३७,००० हून अधिक स्त्रिया, झटके निम्मे, मृत्यूत व सेरेब्रल पाल्सीत निश्चित फरक नाही, सिझेरियन मात्र सुमारे १.६ पट. शिवाय वाचनातही एकमत नाही. १९८७ च्या एका अभ्यासात चार प्रसूतितज्ज्ञांनी ५० आलेख पाहिले. त्यांपैकी केवळ २२ टक्क्यांवर चौघांचे जुळले. दोन महिन्यांनी तेच आलेख पुन्हा दिले असता २१ टक्क्यांबाबत त्यांचे स्वतःचेच मत बदललेले आढळले. संहिता तीच, वाचकही तेच!

अमेरिकन प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २००५ मध्ये जुनी संज्ञा अनिश्चित ठरवून ‘नॉन-रिअ‍ॅशुअरिंग’, म्हणजे आश्वस्त न करणारी स्थिती, ही सुचविली व तिच्यापुढे आलेखातील वर्णन लिहावे असे सांगितले. वर्णनाची अट योग्यच होती. संज्ञेबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. क्लेश पूर्वी गर्भाला होत होता, आता अस्वस्थता पाहणाऱ्याला होते. विशेषण गर्भाला लावलेले असले तरी आश्वासन हवे आहे ते वैद्याला. २००८ मध्ये तीन क्रमांकित वर्ग आले. पहिला निर्धास्त, तिसरा खरोखर धोक्याचा आणि तातडीचा. पण प्रसूतीच्या ओघात बहुसंख्य आलेख केव्हा ना केव्हा दुसऱ्या, अनिर्णित वर्गात पडतात. हे अज्ञान निदान प्रांजळ आहे.

मराठीत ‘ठोके उतरताहेत’ हा प्रयोग रूढ आहे. तो यंत्राने पाहिले तेवढेच सांगतो. ‘गुदमरते आहे’ या चालू वर्तमानात शंकेला जागाच उरत नाही. आणि नातेवाइकांच्या कानी बहुधा तोच प्रयोग पडतो.