ग्रंथशीर्षक आणि टोपणनाव : वेगळेपणाचा प्रश्न

नवोदित लेखक पहिल्या पुस्तकाचे शीर्षक व टोपणनाव निवडताना बहुधा वेगळेपणाच्या मागे लागतो. हे वेगळेपण कोठून येते, याचा विचार मात्र मराठी समीक्षेने फारसा गांभीर्याने केलेला दिसत नाही.

धाराशिव जिल्ह्यातील तेरच्या गोरोबाकाकांच्या अभंगांतील नाममुद्रा कवीचे नाव आणि व्यवसाय दोन्ही सांगते. ती लपण्यासाठी नव्हे, ओळख पटण्यासाठी आहे. आधुनिक काळात कृष्णाजी केशव दामले 'केशवसुत' झाले, राम गणेश गडकरी 'गोविंदाग्रज' आणि वि. वा. शिरवाडकर 'कुसुमाग्रज'. पिता, धाकटा भाऊ, बहीण यांच्या नात्यातून घडलेली ही नावे आत्मीय आहेत. पण 'सुत', 'अग्रज' यांचा पुढे साचा झाला. आचार्य अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने 'झेंडूची फुले' लिहून त्या साच्याचेच विडंबन केले. तेथे टोपणनाव आणि शीर्षक ही दोन्ही टीकेची हत्यारे ठरली.

याहून निकडीचे उदाहरण १९३३ चे. 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह 'विभावरी शिरूरकर' या नावाने प्रसिद्ध झाला. सुशिक्षित स्त्रीची कोंडी उघडपणे मांडणाऱ्या या पुस्तकाने वादळ उठवले. बाळूताई खरे, म्हणजे नंतरच्या मालतीबाई बेडेकर, यांच्यासाठी ते नाव अलंकार नव्हते; ते कवच होते. हौसेने घेतलेल्या टोपणनावाला ही धार येणे कठीण.

शीर्षकाच्या बाबतीत कळंब तालुक्यातील हासेगावचे कथाकार भास्कर चंदनशिव यांचे उदाहरण अभ्यसनीय आहे. त्यांनी 'सुत', 'अग्रज' या वळणाचे नाव घेतले नाही. 'जांभळढव्ह' या शीर्षकातील 'ढव्ह' हे 'डोह' या शब्दाचे बोलीतील रूप होय. प्रमाणभाषेच्या वाचकाला ते अडते, आणि ते अडणे योग्यच आहे. 'जांभूळडोह' केले असते तर शब्द सुबोध झाला असता, परंतु त्यातील गाव निघून गेले असते. उलट त्यांच्या 'लाल चिखल' या कथेचे शीर्षक अगदी साधे आहे. भाव कोसळल्यावर शेतकरी बाजारातच आपले टोमॅटो तुडवतो, तेव्हा त्या दोन शब्दांचा अर्थ उलगडतो. एक शीर्षक अनोळखी, दुसरे परिचित. दोन्ही कथनाच्या गरजेतून आलेली आहेत. केवळ चमकदार शीर्षकाला ही कसोटी पेलत नाही.

कायदाही येथे लेखकाच्या मदतीला फारसा येत नाही. केवळ शीर्षकावर स्वामित्वहक्क सांगता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एका चित्रपटाच्या नावासंबंधीच्या खटल्यात स्पष्ट केले. टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या कृतीचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षे टिकतो. त्या मुदतीत लेखकाची ओळख उघड झाली, तर साठ वर्षे त्याच्या मृत्यूनंतर मोजली जातात. नाव लपवू इच्छिणाऱ्याने एवढा व्यवहार तरी जाणून घ्यावा.

जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले, तरी जुन्या पुस्तकांच्या लेखक-परिचयांत 'उस्मानाबाद' राहणारच. 'ढव्ह' मात्र मुखपृष्ठावर तसाच आहे.