पीकेएम-झीटाची उलटतपासणी

गोंदियात तेंदूपत्ता आणि बिडी कुणाला सांगायला नको. सहा महिने सोडलेली बिडी नेहमीच्या टपरीवर पोचताच पुन्हा पेटते, हेही आपण पाहतो. जागा दिसली की आठवण जागी होते आणि मागोमाग तलब. मग ती आठवणच पुसता आली तर?

2006 साली टॉड सॅक्टर आणि आंद्रे फेंटन यांच्या गटाने तशी आशा दाखवली. उंदरांना शॉक बसणारी जागा टाळायला शिकवलं, नंतर हिप्पोकॅम्पसमध्ये ‘झिप’ नावाचं पेप्टाइड टोचलं आणि आठवण गेली! झिप पीकेएम-झीटा हे एन्झाइम रोखतं. पुढे अमिग्डालातली भीती, न्यूक्लियस अकम्बन्समधली कोकेनची ओढ, सगळीकडे झिप चाललं. आठवण टिकवणारा रेणू सापडला, असं बोललं जाऊ लागलं.

पण पुरावा झिपचा होता, रेणूचा नव्हता. 2013 च्या ‘नेचर’मधला ली आणि सहकाऱ्यांचा पेपर यासाठीच वाचा. त्यांनी या एन्झाइमचा जीनच काढलेले उंदीर तयार केले. ते भीती शिकले, कोकेन मिळालेली खोलीही त्यांना आवडली. त्यांना झिप दिलं तर कोकेनची ओढ तरीही घटली. जे एन्झाइम नाहीच, ते रोखणार कसं?

मला त्यातला कंट्रोल जास्त महत्त्वाचा वाटतो. अमिनो आम्लांचा क्रम विस्कटलेलं झिप परीक्षानळीत एन्झाइमला जवळपास तितकंच रोखत होतं. प्राण्यांवरच्या आधीच्या प्रयोगांत मात्र हेच ‘निष्क्रिय’ म्हणून वापरलं होतं.

तरी ‘पीकेएम-झीटा संपलं’ म्हणणं घाईचं. जन्मापासून जीन नसेल तर दुसरं कुणी काम उचलतं. 2016 मध्ये सॅक्टरच्याच गटाने दाखवलं की जीन नसलेल्या उंदरांत पीकेसी-आयोटा ही जागा भरतं, आणि झिप त्यालाही रोखतं. युक्तिवाद भक्कम आहे. पण पुरावा जागेच्या आठवणीचा, हिप्पोकॅम्पसमधला. कोकेनबद्दलचं उत्तर त्यातून थेट मिळत नाही.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातून आलेलं काम काढा. कोकरे, सुभेदार आणि सहकाऱ्यांचा 2013 चा पेपर: मॉर्फिनचं सुख न्यूरोपेप्टाइड वायच्या वाय-1 रिसेप्टरमार्फत, न्यूक्लियस अकम्बन्सच्या कवचात. वाचताना आधी मेथड्स उघडा. रिसेप्टर कशाने अडवला, ते औषध आणखी कुठे चिकटतं, हे शोधून वहीत लिहा. निष्कर्ष त्यानंतर वाचा.