एका खिळ्याची साक्ष

मार्च २०२० मध्ये चीनमधील बीवायडी या मोटार कंपनीने आपली ‘ब्लेड’ बॅटरी जाहीर करताना एक चित्रफीत दाखविली. तीत तीन प्रकारच्या लिथियम घटांत खिळा घुसविला आहे. कंपनीने दिलेल्या आकड्यांनुसार निकेल-कोबाल्ट-मँगनीजचा घट पेटला व त्याच्या पृष्ठभागाचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर गेले. लोह-फॉस्फेटचा नेहमीचा ठोकळ्यासारखा घट पेटला नाही, पण २०० ते ४०० अंशांपर्यंत तापला. लोह-फॉस्फेटचाच, परंतु लांब व चपटा ब्लेड घट ३० ते ६० अंशांवर थांबला.

प्रयोगाची मांडणी आम्हाला आवडली. खिळ्यामुळे आतल्या आत शॉर्ट सर्किट होते. उष्णता बाहेर पडण्यापेक्षा वेगाने साठली, की सुमारे १३० अंशांना पॉलिएथिलीनचा विभाजक पडदा वितळतो. पुढे निकेलयुक्त धनाग्र ऑक्सिजन सोडू लागतो व आतील ज्वलनशील द्राव भडकतो. लोह-फॉस्फेटमधील ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्याने सहजी सुटत नाही. शेवटच्या दोन घटांचे रसायन एकच, आकार निराळा. त्यामुळे आकाराचा परिणामही वेगळा पाहता येतो.

आमचा आक्षेप आहे तो प्रेक्षकाच्या मनावर ठसणाऱ्या निष्कर्षावर. ज्वाळा दिसल्या नाहीत म्हणजे धोका नाही, असे नव्हे. अतिप्रभारणाने किंवा बाहेरच्या उष्णतेने फार तापल्यास लोह-फॉस्फेटचा घटही हायड्रोजनसारखे ज्वलनशील वायू सोडतो. एप्रिल २०२१ मध्ये बीजिंगमधील एका वीजसाठवण केंद्रात लोह-फॉस्फेट बॅटऱ्यांना आग लागली. आग दक्षिणेकडील इमारतीत होती. स्फोट झाला तो उत्तरेकडील इमारतीत. वायू केबलच्या चरातून तेथे पोचला होता. दोन अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले.

शिवाय चाचणी सुट्या घटाची आहे. वाहनात असे अनेक घट शेजारी-शेजारी असतात. त्यांच्यामधील उष्णतारोधक थर, शीतन व्यवस्था, वायूला बाहेर पडण्याची वाट आणि प्रभारणावर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा यांची परीक्षा हा खिळा घेत नाही.

शिक्षकांनी ही चित्रफीत वर्गात जरूर दाखवावी, पण आवाज बंद ठेवून. मग विद्यार्थ्यांना विचारावे: घट किती प्रभारित हवा? प्रयोग किती वेळा करायला हवा? पृष्ठभागाच्या तापमानावरून गाभ्याचे तापमान कळेल का? वायू कसा मोजाल? या प्रश्नांतून चाचणीचा जो आराखडा विद्यार्थी स्वतः तयार करतील, तो चित्रफितीशी ताडून पाहावा.