पाव आठवला, उचल्या नाही

२०११ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल मी पाळी सुटल्यावर वाचला. मारामारीची केस तडजोडीत सुटलेली, अर्जात लपवली म्हणून दिल्ली पोलीस भरतीत एकाची निवड रद्द. कोर्टानं त्याला वाचवलं. चांगलंच केलं. तिथं त्यांना ह्यूगोचा जाँ व्हालजाँ आठवला, पाव चोरला नि जन्मभर चोर! पण लक्ष्मण गायकवाडांचा 'उचल्या' (१९८७) घरचाच की. तिथं चोरीआधीच, जन्मतःच चोर. आमचे समीक्षक त्यातल्या भुकेवर हळहळतात, पोलिसांवर येत नाहीत. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ ला गेला. १९५९ ला मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा आला. २०१६ च्या अवतार सिंग निकालानं तर संशयाचा फायदा मिळून सुटलेल्याचंही मागचं उकरायची मुभा साहेबाला दिली. मित्रहो, आता 'उचल्या' भरतीचा अर्ज शेजारी ठेवून वाचा.